परिशेष आणि बुडालेल्या बोटी

तर्काच्या कोड्यांची एक जात अशी आहे की, जिच्यात उत्तर कोठेही उघडपणे सांगितलेले नसते आणि तरीही ते दिलेल्या मजकुरात संपूर्णपणे सामावलेले असते. चार माणसे, चार गावे आणि चार धंदे, किंवा अशीच काही सामग्री घेऊन कोडे घालणारा पाचसहा त्रोटक विधाने करतो, आणि सोडवणाराने बाहेरची कोणतीही माहिती न आणता, केवळ 'अमुक संभवत नाही, सबब तमुक असलेच पाहिजे' एवढ्या एकाच मार्गाने अखेरच्या निर्णयाला पोहोचावयाचे असते. पुष्कळ लोक या कोड्यांकडे रिकाम्या वेळची करमणूक म्हणून पाहतात. मला मात्र ती विचारशक्तीच्या शिक्षणाची अत्यंत स्वस्त आणि अत्यंत कसदार साधने वाटतात, आणि शाळेत भूमितीच्या जोडीने ती शिकवली जावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. येथे त्यासाठी विषय घेतला आहे तो आपल्या किनाऱ्यावर बुडालेल्या बोटींचा. तापी-गिरणेच्या काठचा माणूस समुद्रापासून लांब राहतो हे खरे. परंतु बुडालेल्या बोटीविषयी निर्णय करण्यास जी दोन शास्त्रे लागतात, म्हणजे एक शक्यतांची मोजणी आणि दुसरी कागदांची कालनिश्चिती, त्या दोहोंची मोठी ठाणी खानदेशातच आहेत, एक चाळीसगावाजवळच्या पाटणला आणि एक धुळ्यास. तेव्हा हा विषय येथील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

कोडे असे. 'रामदास', 'वैतरणा', 'तुकाराम' आणि 'फोर्ट स्टिकीन' या चार आगबोटी १८८८, १९२७, १९४४ आणि १९४७ या चार वर्षी, दर वर्षी एक याप्रमाणे, नष्ट झाल्या. त्यांपैकी एक काशाच्या खडकाजवळ उलटली. एक गोदीत उभी असताना स्फोटाने फुटली. एक बुडाली त्याच दिवशी त्याच मार्गावरची दुसरीही एक आगबोट बुडाली. आणि एक कोणताही मागमूस न ठेवता नाहीशी झाली. आता विधाने. संतांची नावे धारण करणाऱ्या दोन बोटींच्या नाशात बरोबर २० वर्षांचे अंतर आहे. या दोहोंपैकी एकही गोदीत फुटलेली नाही; आणि गोदीतला स्फोट झाला तो नदीचे नाव असलेली बोट गेल्यानंतरच्या काळात. 'रामदास' त्या स्फोटाच्याही नंतर बुडाली. मागमूस न ठेवता गेलेली बोट आणि जोडीने बुडालेली बोट या दोन्ही नोव्हेंबर महिन्यात गेल्या, 'रामदास' मात्र जुलैत. आणि शेवटचे विधान, जिचा मागमूस लागला नाही ती बोट जोडीने बुडालेल्या बोटीच्या आधी गेली. कोणत्या बोटीचे वर्ष कोणते, आणि तिचा अंत कसा झाला?

सोडवावयास बसण्यापूर्वी आपल्यापुढे एकंदर शक्यता किती आहेत हे मोजून घ्यावे. कारण किती वाटा बंद करावयाच्या आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शेवटी उरलेली वाट एकच आहे की दोन, हेही सांगता येणार नाही. ही मोजणी भास्कराचार्यांनी 'लीलावती'च्या अखेरच्या, अंकपाशाच्या प्रकरणात शिकवली आहे. तेथे ते विचारतात की, पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा आयुधे शंकराच्या दहा हातांत अदलून बदलून दिली असता मूर्तीचे भेद किती होतील, आणि गदा, चक्र, कमळ व शंख ही विष्णूच्या चार हातांत तशीच फिरवली असता किती. एकापासून चारापर्यंतच्या अंकांचा गुणाकार २४, हे विष्णूचे उत्तर. आणि संध्येत जी केशवादी चोवीस नावे आपण घेतो त्या मूर्ती आयुधांच्या याच फेरबदलाने परस्परांपासून ओळखल्या जातात. दहापर्यंतच्या अंकांचा गुणाकार ३६,२८,८००, हे शंकराचे. आपल्या कोड्यात चार बोटींना चार वर्षे वाटण्याचे प्रकार २४, चार अंत वाटण्याचे प्रकारही २४, आणि दोहोंचा गुणाकार ५७६. 'जयंती' नावाची पाचवी बोट वाढवून तिच्यासाठी पाचवे वर्ष आणि पाचवा अंत घेतला असता, तर हाच आकडा १४,४०० झाला असता.

भास्कराचार्यांचे जन्मस्थान कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण पाटणच्या देवीच्या मंदिरातला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणलेला शिलालेख वादातीत आहे. आचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, आणि त्या मठाला निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, दान दिले, असा त्यात दाखला आहे. लेखाचा अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी दान मिळावे आणि ते दगडावर कोरून ठेवावे, ही गोष्ट खानदेशाने अभिमानाने सांगावी इतकी मोठी आहे.

आता उकल. दिलेल्या चार वर्षांत विसाचे अंतर असलेली जोडी एकच, १९२७ आणि १९४७. सबब ही वर्षे 'तुकाराम' आणि 'रामदास' यांची, कोणाचे कोणते ते पुढे पाहू; आणि १८८८ व १९४४ ही वर्षे उरलेल्या दोन बोटींची. एवढ्याने वर्षांचे प्रकार २४ वरून ४ वर आले आणि एकंदर शक्यता ९६ राहिल्या. संतांच्या बोटी गोदीत फुटल्या नाहीत, आणि नदीचे नाव असलेली 'वैतरणा' स्फोटाच्या आधीच गेली. तेव्हा फुटली ती 'फोर्ट स्टिकीन', आणि ती 'वैतरणे'च्या नंतरची म्हणून तिचे वर्ष १९४४ व 'वैतरणे'चे १८८८. राहिल्या १२. 'रामदास' स्फोटानंतरची, म्हणून १९४७ ची, आणि 'तुकाराम' १९२७ ची, राहिल्या ६. नोव्हेंबरातले दोन्ही अंत जुलैत गेलेल्या 'रामदास'चे असू शकत नाहीत, गोदीतला स्फोट दुसरीच्या वाट्याला गेला आहे, सबब खडकाजवळ उलटली ती हीच, राहिल्या २. आणि शेवटच्या विधानाने 'वैतरणा' मागमूस न ठेवता गेलेली व 'तुकाराम' जोडीने बुडालेली ठरते. ५७६ शक्यतांपैकी ५७५ नाकारल्या गेल्या; उरलेली एक, सिद्ध करण्यासाठी निराळा पुरावा न देता, सिद्ध झाली.

या घटना कोड्यात एकेका वाक्यात आटोपल्या. प्रत्यक्षात त्या तशा आटोपलेल्या नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, 'रामदास' सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पावसाळ्याचा खवळलेला समुद्र, त्यात अमावास्येचे उधाण, आणि बोटीवर गटारी साजरी करण्यासाठी गावी निघालेल्या माणसांची दाटी. लाटेचे पाणी आत शिरून बोट एका अंगाला कलली की घाबरलेली माणसे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावतात; माणसांचा भार आणि आत खेळणारे पाणी ही दोन्ही मग उताराकडेच लोटत जातात, आणि जे वजन बोटीला स्थिर ठेवावयाचे तेच तिला उलटवते. काशाच्या खडकाजवळ हे काही क्षणांत घडले आणि सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मासळी घेऊन मुंबईकडे चाललेल्या रेवसच्या कोळ्यांच्या होड्यांनी अनेकांना वाचवले, आणि मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी, पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून. स्वातंत्र्य एका महिन्यावर आले होते; म्हणून की काय, कोकणाबाहेर या दुःखाची आठवण जेवढी राहावयास हवी होती तेवढी राहिली नाही, आणि याची मला खंत वाटते. 'तुकाराम' आणि 'जयंती' ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात एकाच दिवशी गेल्या होत्या. लोकांनी या बोटींच्या कंपनीला 'माझी आगबोट कंपनी' असे आपुलकीचे नाव दिले होते आणि बोटींना संतांची नावे होती. सागराने त्या नावांची भीड ठेवली नाही.

'फोर्ट स्टिकीन'ची हकीकत कापसाच्या मुलखातल्या वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावी. महायुद्धाच्या काळात इंग्लंडहून निघालेल्या या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती, सोने होते, आणि वाटेत कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या. जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेल्या कोणाही जळगावकराला ठाऊक असते की, दाबलेल्या गाठीत शिरलेला विस्तव वरून विझलेला दिसला तरी आतल्या आत धुमसत राहतो, आणि वरचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आग दिसली, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला, व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. पहिल्याची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले, आणि १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

ज्या रीतीने आपण कोडे सोडवले तिला आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी शास्त्रात स्थान दिले आहे. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे जे तीन प्रकार येतात त्यांतल्या 'शेषवत्' या प्रकाराचा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनांनी परिशेष असा दिला आहे: ज्या ज्या पर्यायांची प्राप्ती आहे त्यांचा क्रमाने निषेध करावा, आणि अन्यत्र जाण्यास वाव नसल्यामुळे जो उरेल त्याचा स्वीकार करावा. शब्द हा द्रव्य, गुण आणि कर्म यांपैकी कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. तो द्रव्य नव्हे, कर्म नव्हे, सबब गुण होय. या अनुमानाचे सारे बळ दोन अटींत आहे. पर्यायांची यादी पूर्ण असली पाहिजे, आणि प्रत्येक निषेध खरा असला पाहिजे. कोडे घालणारा या दोन्हींची हमी आपण होऊन देतो. चारच बोटी, चारच अंत, आणि विधाने सगळी खरी. समुद्र अशी हमी देत नाही. खऱ्या बुडालेल्या बोटीचा शोध हा परिशेषाचाच शोध असूनही इतका कठीण का, याचे उत्तर या दोन अटींच्या अभावात आहे.

पहिली अट कशी मोडते ते 'वैतरणे'वरून कळते. विजेचे दिवे असलेली आगबोट म्हणून काठेवाडात 'वीजळी' या नावाने प्रसिद्ध झालेली ही बोट कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघाली, द्वारकेस थांबली, पोरबंदरास हवामानामुळे थांबू शकली नाही, आणि ८ नोव्हेंबर १८८८ च्या वादळी रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. शोधासाठी आगबोटी पाठवण्यात आल्या. काही हाती लागले नाही. येथे नाव आहे, तारीख आहे, मार्ग आहे, गुजराती लोकगीतांतून घरोघर पोहोचलेली कीर्ती आहे. नाही ते फक्त अवशेष. ती उलटली म्हणावे, तर खडकावर आपटली नाही कशावरून? आपटली म्हणावे, तर पाणी भरून बसली नाही कशावरून? वादळ हे कारण निश्चित. पण वादळाने नेमके काय केले याची यादी जशी करता येत नाही, तसा त्या यादीतल्या एकाही पर्यायाचा निषेध करता येत नाही. अशा ठिकाणी तर्काने थांबणे हेच तर्काचे कर्तव्य होय.

याच्या नेमकी उलट स्थिती गोव्याच्या समुद्रात आढळते. तेथे अवशेष आहेत आणि नाव नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी पाण्याखाली उतरून जी ठिकाणे तपासली, त्यांपैकी सेंट जॉर्ज खडकाजवळच्या ठिकाणी भाजलेल्या मातीची कौले, फरशा, विटा आणि युरोपीय घाटणीच्या खांबांचे शिरोभाग मिळाले, आणि त्यांतल्या मालावर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे नाव व १८६५ हा आकडा आढळला. उतावळा माणूस म्हणेल की बोट १८६५ ची. परंतु १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना निघाल्याचे साल आहे, आणि ते ठशात उमटत राही, जसे जुन्या पेढीच्या पाटीवर स्थापनेचे साल राहते. तेव्हा त्या आकड्याचा खरा अर्थ एवढाच की, बोट १८६५ च्या पूर्वी बुडालेली नाही. पुरावा खोटा नव्हता, पण त्याचे वाचन चुकले असते तर निषेध चुकीच्या वर्षांचा झाला असता. दुसरी अट मोडते ती बहुधा अशीच, प्रामाणिक वस्तूच्या घाईच्या वाचनाने. उलट बाजूने त्याच मालातून एक संभाव्य निष्कर्ष निघतो: ज्या जहाजावर मंगळुरी कौले एवढ्या प्रमाणात होती त्याने तो माल बहुधा दक्षिणेकडून उचलला असावा.

गोव्याच्याच समुद्रातल्या सुंची खडकावरचे अवशेष याहून जुने आणि याहून गहन आहेत. तेथे तोफा मिळाल्या, हत्तीचे दात मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि ब्रह्मदेशच्या मर्तबान बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या रांजणांचेही. आता येथे प्रत्येक वस्तूची साक्ष सारख्या वजनाची नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. मर्तबानी रांजण हे पाणी, तेल, धान्य साठवण्यासाठी पुष्कळ जहाजांवर वापरले जात. त्यावरून जहाज ब्रह्मदेशाहून आले असे म्हणता येणार नाही. चिनी भांडी साऱ्या जगात विकली जात. हत्ती आपल्याकडेही आहे. पाणघोडा मात्र मूळचा आफ्रिकेखेरीज कोठलाही नाही. सबब आफ्रिकेच्या किनाऱ्याचा माल त्या जहाजावर होता, हे एका पाणघोड्याच्या दाताने जेवढे निश्चित होते तेवढे इतर सगळ्या वस्तूंनी मिळून होत नाही. काळाचा निर्णय करण्यासाठी मृत्तिकापात्रांची तापदीप्तीची परीक्षा झाली. भट्टीत भाजताना मातीतल्या कणांची साठलेली ऊर्जा निघून जाते, आणि नंतर भोवतीच्या सूक्ष्म किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा हळूहळू साठत राहते. प्रयोगशाळेत ते कण पुन्हा तापवले की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशाच्या मापावरून शेवटच्या भाजणीला किती वर्षे झाली ते निघते. उत्तर आले १७ व्या शतकाचे. हेही भांड्याच्या भाजणीचे वर्ष, जहाजाच्या बुडण्याचे नव्हे; पण जहाजावरचे मातीचे भांडे फार वर्षे टिकत नसल्यामुळे दोहोंतले अंतर थोडे असावे असे मानण्यास हरकत नाही.

अवशेषांवरून एवढेच हाती येते. पुढचा निर्णय कागदांनी करावयाचा. आणि कागद म्हटला की धुळ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड प्रसिद्ध केले, आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यात घालवला, तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांची दप्तरे तेथे आजतागायत सांभाळीत आहे. मराठी पत्रव्यवहार ज्याने हाताळला आहे त्याला ठाऊक आहे की, पत्राच्या शेवटी चंद्र असतो, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस 'छ' लावून लिहिलेला असतो, कधी वारही असतो, पण सन पुष्कळदा नसतो. लिहिणाराला आणि वाचणाराला चालू साल ठाऊकच होते. दीडदोनशे वर्षांनी संपादकाने ते शोधून काढावयाचे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून मुसलमानी महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. पत्रात सफर महिना असेल आणि मजकुरात दसऱ्याच्या स्वारीचा उल्लेख असेल, तर तेहतीस वर्षांतली दोनतीन वर्षेच शिल्लक राहतात, बाकीची गळतात. वार जुळवून पाहिला की बहुधा एकच उरते. मात्र चांद्र तारीख सूर्यास्तापासून मोजली जाते हे विसरले, तर एका दिवसाच्या फरकाने खरे वर्ष नाकारले जाऊन खोटे गळ्यात पडते. मग त्या वर्षी पत्रातली माणसे हयात होती की नाही, पत्रातला किल्ला कोणाकडे होता, असे एकेक पाहत संपादक पुढे सरकतो. हे कोडेच आहे; फरक एवढाच की त्याची विधाने दप्तरांच्या निरनिराळ्या रुमालांत विखुरलेली असतात आणि ती जमवण्यात माणसाचे आयुष्य जाते.

सुंचीच्या जहाजाचे नाव सापडावयाचे असेल तर ते याच रीतीने. पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची व्यवस्था पां. स. पिसुर्लेकर यांनी अनेक वर्षे पाहिली, पोर्तुगीज राजवटीची दप्तरे आहेत, आणि त्यांत दर वर्षीच्या आरमारी मोसमात लिस्बन व गोवे यांच्यात गेलेल्या-आलेल्या पत्रव्यवहाराची बुके आहेत. १७ व्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्याकडे निघालेल्या जहाजांची यादी प्रथम करावी. जी सुखरूप पोहोचल्याचा दाखला आहे ती त्यातून कमी करावीत. जी डच किंवा इंग्रज आरमाराने पकडली, किंवा अन्य किनाऱ्यावर फुटल्याची नोंद आहे, तीही कमी करावीत. आणि ज्यांच्यावर तोफा नव्हत्या किंवा हस्तिदंत भरलेला नव्हता ती त्यानंतर. ही यादी पूर्ण आहे अशी खात्री कोणताही दप्तरदार देणार नाही, कारण काही बुके वाळवीने खाल्ली असतील आणि काही जहाजांची नोंदच झाली नसेल. म्हणून शेवटी एकच नाव उरले तरी ते 'बहुधा' या शब्दासहच लिहावे लागेल, आणि त्या नावाच्या जहाजावरील तोफांची संख्या व त्यांची मापे खडकावर पडलेल्या तोफांशी ताडून पाहिल्याखेरीज तो शब्द खोडता येणार नाही.